गाडीच्या टेपला वूफरचा अ‍ॅम्प जोडताना नेमकं काय जोडतो आपण?

ऑनलाइन मागवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ठळक अक्षरात '१२०० वॅट' छापलेलं असतं. खोकं उघडा, अ‍ॅम्प बाहेर काढा आणि जाड वायरी जिथे लागतात तिथे खोचलेला प्लास्टिकचा फ्यूज बघा. त्यावर ३० लिहिलेलं असेल, तर त्या अ‍ॅम्पमध्ये सलग ३० अँपिअरपेक्षा फार जास्त करंट शिरणार नाही. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १३.८ व्होल्ट असतात. ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॅट. एवढी वीज आत जाणार, त्यातली काही उष्णता होऊन उडणार आणि वूफरपर्यंत, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरपर्यंत, फार तर ३३० वॅट पोचणार. बाकीचे वॅट कुठून आले, ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

फ्यूज बघण्याची ही युक्ती दुकानात उभ्या उभ्या वापरता येते. पण ती सांगण्याचं कारण पैसे वाचवणं एवढंच नाही. वूफर बसवणं हे बहुतेकांना 'म्युझिकचं काम' वाटतं. कोणत्या कंपनीचा घ्यायचा, १० इंची की १२ इंची, डिकीत ठेवायचा की सीटखाली, यावरच सगळी चर्चा होते. वायरिंगचं काय ते दुकानदार बघून घेईल. मग महिनाभरात तक्रारी सुरू होतात. गाडीला रेस दिली की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, बेसच्या ठेक्याबरोबर हेडलाइट मिणमिणतात, वीस मिनिटांनी अ‍ॅम्प आपोआप बंद पडतो. यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार विजेच्या वाटेतली असते. वूफर बदलून ती जात नाही.

टेपमधला अ‍ॅम्प का पुरत नाही?

टेप म्हणजे इथे डॅशबोर्डवरची म्युझिक सिस्टीम, मग तिला टचस्क्रीन असो वा नसो. तिच्या आतही एक छोटा अ‍ॅम्प असतोच. खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं, ते त्याचंच. पण त्याला गाडीच्या १४ व्होल्टांवरच भागवावं लागतं. १४.४ व्होल्ट मिळाले आणि स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा) असला, तर कागदावर जास्तीत जास्त २६ वॅट निघतात. प्रत्यक्षात, आवाज न फाटता, एका स्पीकरला २० वॅटच्या आसपास मिळतात. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला तेवढे पुरतात.

खालच्या सुरांचं गणित मात्र निर्दयी आहे. स्पीकरचा पडदा मागेपुढे हलतो आणि हवा ढकलतो, तो आवाज. सुराची वारंवारता निम्मी झाली, म्हणजे ८० हर्ट्झवरून ४० वर आली, तर हवेत तेवढाच जोर आणायला पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. त्यात आपला कान खालच्या सुरांना कमी संवेदनशील आहे. हळू आवाजात गाणं ऐकताना ५० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या सुराइतका मोठा वाटावा म्हणून तो ३० डेसिबलांहूनही जास्त ताकदीचा असावा लागतो. आणि ३० डेसिबल म्हणजे हजारपट शक्ती. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. दारातला स्पीकर तिथे पोचेपर्यंत थकलेला असतो.

म्हणून वेगळा वूफर, आणि त्याला वेगळा अ‍ॅम्प. या अ‍ॅम्पच्या पोटात आधी एक व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं. ते बॅटरीचे १२-१४ व्होल्ट बरेच वर चढवतं आणि त्या चढलेल्या व्होल्टेजवर वूफर हलवतं. चढवायला लागणारा सगळा करंट येतो बॅटरीकडून.

जोडण्या तीनच

शेतातल्या विहिरीवरची मोटार आठवा. मोटारीला वीज येते खांबावरून, जाड केबलमधून. स्टार्टरचं हिरवं बटण फक्त 'चालू हो' म्हणतं; बटणाच्या वायरीतून मोटार फिरत नाही. आणि केबल बारीक पडली तर बटण कितीही चांगलं असो, व्होल्टेज पडतं, मोटार घुरघुरते आणि एक दिवस जळते.

अ‍ॅम्पचंही असंच असतं. एक जोडणी विजेची: बॅटरीच्या प्लसपासून जाड लाल वायर आणि गाडीच्या बॉडीला जोडलेली जाड काळी वायर. दुसरी 'चालू हो' सांगणारी बारीक रिमोट वायर. तिसरी गाण्याच्या सिग्नलची, टेपकडून अ‍ॅम्पकडे. चौथी म्हणावी तर अ‍ॅम्पपासून वूफरपर्यंतची, पण तिच्यात चुकण्यासारखं फारसं नाही.

टेपमधून अ‍ॅम्पला ताकद जात नाही, एवढं एक लक्षात आलं की उरलेला गोंधळ निम्मा कमी होतो.

लाल वायर, आणि बॅटरीजवळचा फ्यूज

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवायचं. मायनसच आधी, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर तिथेच ठिणग्या उडतात. काही गाड्यांचा टेप बॅटरी काढून लावल्यावर कोड मागतो, तो आधी शोधून ठेवा.

बॅटरीपासून डिकीपर्यंत लाल वायर साधारण पाच मीटर जाते. ती किती जाड हवी? ५०० वॅट खरोखर देणारा आजच्या क्लास-डी जातीचा अ‍ॅम्प घेऊ. ही जात कमी तापते आणि आत गेलेल्या विजेतली साधारण ८० टक्के बाहेर देते. म्हणजे आत ६२५ वॅट हवेत, १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर. ८ गेजच्या तांब्याच्या वायरीतून पाच मीटरवर एवढा करंट नेला तर जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. ४ गेजच्या वायरीत ०.२ व्होल्टच्या आत काम भागतं. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे उलटं गणित ध्यानात ठेवा.

बाजारातल्या स्वस्त 'वायरिंग किट'मध्ये इथेच गोम असते. वरचं रबर जाडजूड, आत तार कमी. आणि जी तार असते तीही पुष्कळदा शुद्ध तांब्याची नसते. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत तिची वहनक्षमता ६०-६५ टक्केच. टोक चाकूने खरवडून बघा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ती मुलाम्याची. (तांब्यावर कथलाचा मुलामा दिलेली चांगली वायरही वरून पांढरी दिसते, पण ती खरवडली की आत तांबूस निघते.) मुलाम्याची वायर वापरूच नये असं नाही, पण मग एक माप जाड घ्यावी लागते. किट स्वस्त पडलं म्हणून झालेला आनंद तिथे संपतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत या वायरीवर फ्यूज हवाच. अनेक जण म्हणतात, 'अ‍ॅम्पवर फ्यूज आहेच की!' अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पला जपतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीला जपतो, पर्यायाने गाडीला. कल्पना करा, इंजिनकडून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या भोकाच्या धारेवर घासून घासून लाल वायरीचं रबर गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं. करंट आता अ‍ॅम्पपर्यंत जातच नाही, त्यामुळे अ‍ॅम्पवरच्या फ्यूजला काही कळतही नाही. गाडीची बॅटरी अशा वेळी काहीशे अँपिअर सोडू शकते. वायर लाल होते, कार्पेट पेटतं. बॅटरीजवळ फ्यूज असता तर क्षणात उडला असता.

या फ्यूजचा आकडा वायरीच्या कुवतीवरून ठरतो. ४ गेजच्या तांब्याच्या वायरीला १०० अँपिअर, ८ गेजला ५० अँपिअर, याच्या आसपास. अ‍ॅम्प छोटा असेल तर फ्यूजही छोटा चालतो. वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं ही मात्र आगीला दिलेली परवानगी आहे.

वायर केबिनमध्ये आणताना कंपनीने दिलेल्या रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या धारेवर बसणारं कडं) आणा. पत्र्याला नवं भोक पाडलंच, तर त्यातही ग्रोमेट बसवा. दाराच्या उंबऱ्याखालच्या प्लास्टिक पट्टीतून वायर मागे नेतात. तिथे पिवळ्या वेष्टनाच्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका. एअरबॅगच्या वायरींना सहसा हाच रंग देतात.

अर्थिंग: सगळ्यात दुर्लक्षित वायर

लाल वायरीतून गेलेला सगळाच्या सगळा करंट परत बॅटरीकडे यावा लागतो, आणि तो येतो काळ्या वायरीतून व गाडीच्या पत्र्यातून. म्हणजे काळी वायर लाल वायरीइतकीच जाड हवी. तरी कित्येक गाड्यांत लाल वायर ४ गेजची आणि काळी हाताला लागेल ती, कुठल्यातरी स्क्रूखाली दाबलेली दिसते.

चांगलं अर्थिंग असं: वायर अर्ध्या मीटरच्या आत संपलेली, जागा बॉडीच्या मूळ पत्र्याची, तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत सँडपेपरने घासलेला, वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं थिंबल (बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी), आणि ते नट-बोल्टने घट्ट. रंग वीजरोधक असतो. कितीही आवळा, रंगावर बसवलेलं थिंबल अर्धवटच जोडलेलं असतं. जोडून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या. कोकणपट्टीत तर हे विसरूच नका. खाऱ्या हवेत उघडा घासलेला पत्रा एका पावसाळ्यात गंजतो, आणि गंज लागला की अर्थिंग गेलं.

सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. तो जाड असतो, हाताशी असतो, म्हणून मोह होतो. पण त्याची घट्ट पकड जीव वाचवण्यासाठी मोजून दिलेली असते.

नवं भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. सीएनजीची टाकी डिकीत असेल, तर अ‍ॅम्प तिच्या ब्रॅकेटला किंवा व्हॉल्व्हच्या शेजारी लावू नका. सीटखाली, हवा खेळती राहील अशा जागी लावा.

हल्लीच्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर असतो. तो येणारा-जाणारा करंट मोजतो आणि त्यावरून गाडीचा संगणक चार्जिंग ठरवतो. काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला जोडली तर अ‍ॅम्पचा करंट या सेन्सरला चुकवून जातो आणि संगणकाचा हिशेब फसतो. बॉडीला जोडली की तो प्रश्न येत नाही.

कंपनीचा टेप काढता येत नाही, मग सिग्नल कुठून घ्यायचा?

बाहेरून घेतलेल्या टेपच्या पाठीमागे सहसा आरसीएची भोकं असतात, घरच्या टीव्हीला लाल-पांढरी पिन लागायची तशीच. तिथून निघतो तो कच्चा सिग्नल, दोन ते चार व्होल्टांचा, ताकद न दिलेला. 'सब' लिहिलेली जोडी असेल तर उत्तम, कारण मग वूफरचा आवाज टेपवरूनच वेगळा कमी-जास्त करता येतो. आरसीए केबल लाल वायरीच्या विरुद्ध बाजूने न्या. लाल वायर डाव्या उंबऱ्याखालून आणली असेल तर आरसीए उजव्या. कच्चा सिग्नल नाजूक असतो, शेजारून जाणाऱ्या मोठ्या करंटची खरखर उचलतो.

पण आता टेप हा प्रकार डॅशबोर्डपासून सुटा राहिलेला नाही. स्क्रीनवरच मागचा कॅमेरा, गाडीच्या सेटिंग्ज, कधी एसीसुद्धा. ती काढून दुसरी लावणं परवडत नाही आणि तिच्या मागे आरसीएही नसतात. यावर उपाय सोपा आहे, पण दुकानात 'नाही होणार साहेब, टेप बदलावा लागेल' हे उत्तर अजून ऐकू येतं. स्पीकरला जाणारा, म्हणजे टेपच्या आतल्या छोट्या अ‍ॅम्पने वाढवलेला सिग्नलच उचलायचा. बऱ्याच अ‍ॅम्पना त्यासाठी 'हाय लेव्हल' नावाचा इनपुट असतो. नसेल तर मध्ये कन्व्हर्टरची छोटी डबी लावतात. ती स्पीकरचा सिग्नल उतरवून आरसीएच्या पातळीवर आणते.

स्पीकरच्या वायरी उचलताना रंगांवर विसंबू नका. बाहेरच्या टेपांच्या वायरींना ठरलेले रंग असतात: पिवळी कायमच्या १२ व्होल्टांची, लाल चावी फिरवल्यावरच्या १२ व्होल्टांची, काळी अर्थिंगची, स्पीकरमध्ये पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. कंपनीच्या वायरिंगला हा नियम लागू नाही, प्रत्येक गाडीचे रंग वेगळे. मॉडेलचा वायरिंग नकाशा बघा किंवा मागच्या दारातल्या स्पीकरपर्यंत जाऊन खात्री करा. आरशाजवळच्या छोट्या ट्विटरची, म्हणजे उंच सुरांच्या स्पीकरची, वायर उचलू नका, तिच्यात बेस नसण्याचीच शक्यता जास्त.

यातली एक मर्यादा सांगायला हवी. काही गाड्यांचे टेप आवाज वाढवत नेला की बेस गुपचूप कमी करतात, दारातले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. मग वूफर हळू आवाजात धमधमतो आणि मोठ्या आवाजात मवाळ होतो. ते वायरिंगचं पाप नाही. त्यावर सिग्नल पुन्हा सपाट करणारे प्रोसेसर मिळतात, पण ते महाग असतात आणि रोजच्या ऐकण्यासाठी मला तरी तो खर्च अनाठायी वाटतो.

'वायरी कापल्या की वॉरंटी गेली' ही भीती खरी आहे. कापलेल्या वायरीवर बोट ठेवून इलेक्ट्रिकलचा दावा नाकारणं सर्व्हिस सेंटरला सोपं जातं. म्हणून मूळ वायरी न कापता मध्ये बसणारा तुमच्या गाडीचा कपलर मागा. बऱ्याच लोकप्रिय गाड्यांसाठी तो मिळतो. उद्या वूफर काढला की कपलर काढायचा, मूळ जोडणी जशीच्या तशी.

रिमोटची निळी वायर

बाहेरच्या टेपमधून निळ्या वायरीवर पांढरी रेघ असलेली वायर येते. टेप चालू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प जागा होतो. नुसती निळी वायर मोटारवाल्या अँटेनाची असते; तिच्यावर काही टेपमध्ये फक्त रेडिओ लावल्यावरच १२ व्होल्ट येतात. गाणी पेनड्राइव्हवरून लावली की वूफर मुका, अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

कंपनीच्या टेपला ही वायर नसते. काही अ‍ॅम्प स्पीकरच्या वायरींवरूनच ओळखतात की टेप चालू झाला, कारण टेप चालू असताना त्या वायरींवर साधारण सहा व्होल्टांचा स्थिर दाब असतो. ती सोय नसेल तर चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून रिमोट घ्यावा लागतो. घाईत काही जण रिमोटही लाल वायरीलाच जोडून मोकळे होतात. मग अ‍ॅम्प दिवसरात्र जागा. गाणं नसतानाही तो एखादा अँपिअर खातोच. छोट्या गाड्यांची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांच्या आसपासची असते. दीड दिवसात ती झोपते.

ओहमचं थोडकं गणित

ओहम म्हणजे वूफर करंटला करत असलेला अडथळा. ओहम कमी, तर करंट जास्त, आणि अ‍ॅम्पवर ताणही जास्त. अ‍ॅम्पवर 'किमान २ ओहम' लिहिलं असेल तर त्याखाली जायचं नाही. पडदा हलवणाऱ्या तारेच्या दोन कॉइल असलेल्या वूफरमध्ये घोळ होतो. ४-४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकापुढे एक जोडल्या तर ८. दोन चॅनेलचा अ‍ॅम्प ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र जुंपून वापरताना बहुतेकदा किमान ४ ओहम लागतात. तिथे २ ओहम जोडले की अ‍ॅम्प तापतो आणि 'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लावून गप्प बसतो. वीस मिनिटांनी बंद पडणाऱ्या अ‍ॅम्पचं हे एक नेहमीचं कारण. दुसरं म्हणजे कार्पेटखाली कोंबलेला, हवा न लागणारा अ‍ॅम्प.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

अ‍ॅम्पवर 'गेन' नावाचा स्क्रू असतो. दुकानात तो कानाने फिरवतात. बेस पुरेसा धमधमला की थांबायचं, आणि गिऱ्हाइकाला खूश करायचं तर आणखी थोडा. खरं तर त्याचं काम एवढंच की टेपचा सिग्नल दोन व्होल्टांचा असो की चारचा, अ‍ॅम्पची पूर्ण ताकद टेपच्या ठरावीक आवाजाला मिळावी. गेन गरजेपेक्षा वर गेला की लहरींची टोकं छाटली जातात, सूर चौकोनी होतो, आणि वूफरच्या कॉइलमध्ये नुसती उष्णता साचते. वूफर जळतात ते पुष्कळदा असे.

मल्टिमीटरने हे नीट करता येतं. वूफरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवा. टेपचा बेस, ट्रेबल, लाउडनेस सगळं शून्यावर आणा, अ‍ॅम्पवरचा 'बेस बूस्ट'ही शून्यावर. आवाज तीन चतुर्थांशावर नेऊन ५० हर्ट्झचा चाचणी सूर लावा. तो फुकट डाउनलोड होतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या वूफरच्या टोकांना लावा. आता किती व्होल्ट हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट आणि ४ ओहम असतील तर १२०० चं वर्गमूळ, ३४.६ व्होल्ट. ३०० वॅट आणि २ ओहम असतील तर २४.५. गेन हळूहळू वाढवत त्या आकड्यावर थांबायचं. वॅट अर्थातच खरे धरायचे, वूफर आणि अ‍ॅम्प यांतला आरएमएसचा, म्हणजे सलग देता-पेलता येणाऱ्या ताकदीचा, जो आकडा लहान तो. साधा स्वस्त मीटरही इथे चालतो, कारण घरची वीज ५० हर्ट्झचीच असते आणि मीटर तिच्यासाठीच बनलेले असतात.

'लो पास' फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. त्याच्या वरचे सूर वूफरकडे फारसे जात नाहीत, त्यामुळे बेस डिकीतून येतोय असं जाणवत नाही. वूफरच्या पेटीला भोक, म्हणजे पोर्ट असेल तर 'सबसॉनिक' फिल्टर २५-३० हर्ट्झवर लावा. पेटी ज्या सुरावर बांधलेली असते त्याच्या खाली पडद्याला हवेचा आधार राहत नाही आणि तो वेडावाकडा उडतो. वूफरचा पडदा दारातल्या स्पीकरांबरोबर हलावा की उलटा, हे ठरवणारं फेजचं बटण ० आणि १८० अशा दोन्ही जागी ठेवून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका, जिथे बेस भरीव वाटेल तिथे सोडा.

बॅटरी उतरणार नाही? कपॅसिटर लावू का?

इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटर देतो. संगीतात बेस सलग नसतो, ठेक्याठेक्याने येतो, त्यामुळे ४५ अँपिअरच्या अ‍ॅम्पचा सरासरी करंट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा कमीच राहतो. ३०० वॅटच्या वूफरसाठी बॅटरी-अल्टरनेटर बदलण्याची गरज सहसा पडत नाही. इंजिन बंद ठेवून तास-दीड तास पार्टी केली तर मात्र सकाळी धक्का मारायची तयारी ठेवा.

हेडलाइट मिणमिणतात म्हणून एक फॅरडचा चकाकता कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून पटकन सोडणारा डबा, विकला जातो. व्होल्टेज १४ वरून १२ वर घसरेपर्यंत तो २६ ज्यूल ऊर्जा देतो. ६२५ वॅट ओढणाऱ्या अ‍ॅम्पला ती पुरते सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरती. त्याच पैशात चांगली वायर घ्या आणि अर्थिंग पुन्हा घासा.

ताकद दुप्पट केली तर? ३०० चे ६०० वॅट झाले की आवाज तीन डेसिबलने वाढतो, कानाला 'थोडा जास्त' एवढंच वाटतं. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट शक्ती लागते.

इलेक्ट्रिक गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय एक वेगळी १२ व्होल्टची व्यवस्था असते आणि अ‍ॅम्प तिच्यावरच चालतो. मोठ्या बॅटरीतून व्होल्टेज उतरवून ती चार्ज होत राहते. त्या व्यवस्थेवर किती जादा भार चालतो, हे कंपनीला विचारल्याशिवाय तिथे मोठा अ‍ॅम्प लावू नका. आणि नारिंगी वेष्टनाच्या केबलपासून लांब राहा. तो रंग उच्च दाबाच्या विजेचा.

घूंऽऽ आवाज आला तर

रेस दिली की चढणारा आवाज अल्टरनेटरचा असतो. टेपचं अर्थिंग एकीकडे, अ‍ॅम्पचं दुसरीकडे, आणि दोघांच्या दाबात किंचित फरक. तो फरक आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो आणि ऐकू येतो. इंजिन चालू ठेवून अ‍ॅम्पपाशी आरसीए काढा. आवाज तरीही आला तर दोष अ‍ॅम्पच्या वीज-अर्थिंगमध्ये. गेला तर टेप किंवा आरसीए केबलमध्ये. मात्र काही टेपमध्ये आरसीएच्या अर्थिंगला आत केसासारखा बारीक फ्यूज असतो आणि वीज चालू असताना पिना काढ-घाल करताना तो उडू शकतो. म्हणून चाचणीत पिना अ‍ॅम्पच्या बाजूने काढा, टेपच्या नाही, आणि काढलेल्या पिना बॉडीला किंवा लाल वायरीला टेकू देऊ नका.

सगळं जोडून झालं की मायनस टर्मिनल लावा, अर्धा तास नेहमीच्या आवाजात गाणी वाजवा आणि मग बॅटरीजवळचा फ्यूज-होल्डर, अर्थिंगचं थिंबल आणि अ‍ॅम्पचे स्क्रू हाताने चाचपा. जिथे चटका बसतो तिथे जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. आठवडाभराने हे तीनही पुन्हा एकदा आवळा; बारीक तारांच्या वायरी स्क्रूखाली दबून जागा सोडतात, आणि आपल्या रस्त्यांचे हादरे उरलेलं काम करतात.